खानदेशातील पावसाळी वडे: डाळ, केळी आणि पाणी

भिजवलेली डाळ किंवा शिजवलेला गर मसाला घालून मळायचा, तळहातावर थापून चपटा करायचा आणि तेलात तळायचा किंवा तव्यावर भाजायचा, ही कृती महाराष्ट्रात तीन-चार नावांनी चालते. डाळीचा असेल तर वडा. बटाट्याचा किंवा केळ्याचा चपटा गोळा म्हणजे टिक्की किंवा पॅटिस. भाज्या मिसळून वरून रवा किंवा पावाचा चुरा लावला की कटलेट. यांत वडा सर्वांत जुना. त्याचे संस्कृत नाव ‘वटक’, आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात उडदाची डाळ भिजवून, साल काढून, वाटून तळलेल्या वड्यांचे वर्णन आढळते. ‘पॅटिस’ हे इंग्रजी अनेकवचन. मराठीने ते सरळ एकवचनी करून टाकले. ‘कटलेट’ मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ बरगडीलगतच्या मांसाचा तुकडा. भारतात आल्यावर त्याला शाकाहारी रूप मिळाले आणि रेल्वेच्या न्याहारीत ब्रेडच्या दोन स्लाइसांशेजारी ते कायमचे जाऊन बसले. भुसावळसारखे मोठे जंक्शन असलेल्या जळगाव जिल्ह्याला ते पुष्कळ जुन्या ओळखीचे आहे.

खानदेशात मात्र घरगुती वडा म्हटला की आधी डाळ आठवते, बटाटा नंतर. याचे कारण इथल्या पावसात आणि जमिनीत आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला, पावसाच्या छायेत पडलेला हा तापी-गिरणा-पांझरेचा प्रदेश. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. आज त्यांना जळगाव आणि धुळे म्हणतात, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जळगावात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुळे शहराच्या बाजूला त्याहून कमी. कोकणातला पाऊस याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे इथे चार महिने सतत ओले नसते; ऊन पडते, उकडते, आणि मध्येच दोन-तीन दिवसांची झड लागते. झडीत काळ्या, चिकण जमिनीत पाय रुततो, बैलाचाही रुततो. वाफसा येईपर्यंत औत चालत नाही, निंदणी-खुरपणी थांबते. एरवी भाकरीपुरताही वेळ न मिळणाऱ्या घरांत अशा दिवशी पाटा धुतला जातो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला ताजी भाजी कमी असते. उन्हाळी भाजीपाला संपलेला, पावसाळी वेलांना अजून फळ धरायचे असते. घरात जे साठवलेले असते त्यावरच भागवायचे, आणि साठवणीतला पहिला पदार्थ डाळ. तूर हिवाळ्यात निघते, हरभरा उन्हाळ्याच्या तोंडावर. दोन्हींची डाळ करून, उन्हे दाखवून पावसाआधी डब्यांत भरलेली असते. मूग आणि उडीद ही मात्र पावसाळ्यातलीच पिके. जूनमध्ये पेरलेला मूग साठ-सत्तर दिवसांत शेंगेवर येतो, त्यामुळे पोळ्याच्या सुमारास नवा मूग घरात असतो. जळगाव शहर तर डाळ मिलांसाठी देशभर ठाऊक आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत तूर, हरभरा, मूग, उडीद यांची सालपटे काढून डाळ पाडण्याचा मोठा धंदा चालतो. थोडक्यात, खानदेशी स्वयंपाकघराला डाळ शोधावी लागत नाही. बोलीत मात्र तिचे नाव बदलते. या भागातल्या बोलींत ‘ळ’च्या जागी बऱ्याचदा ‘य’ येतो. त्यामुळे ‘डाळ’ची ‘डाय’ होते आणि ‘केळी’ची ‘केयी’.

डाळीच्या वड्याचा सगळा प्रश्न पाण्याचा असतो. कोरडी डाळ वाटता येत नाही, आणि जास्त ओली वाटली तर वडा कढईत विरघळतो. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजली की तिचे वजन सुमारे दुप्पट होते. तुरीला तेवढाच वेळ द्यावा, सालीशिवायच्या मुगाच्या डाळीला दोन तास पुरतात. दमट दिवशी डाळ रात्रभर भिजत ठेवू नये. पाण्याला फेस येऊन ती आंबायला लागते. भिजल्यावर तिला रोळीत किंवा चाळणीत अर्धा तास निथळत ठेवणे हा भाग अनेकजण टाळतात, आणि वडे फसण्याचे निम्मे कारण तिथेच असते. डाळीच्या बाहेर चिकटलेले पाणी दाण्याच्या काही उपयोगाचे नसते, ते फक्त पीठ सैल करते.

वाटताना पाणी घालायचे नाही. पाट्यावर हे आपोआप साधते, कारण वरवंट्याखाली पातळ वाटण घसरते आणि वाटणाऱ्याला ते लगेच कळते. मिक्सरचे पाते उलट पाण्याशिवाय अडते. त्यावर उपाय म्हणजे थोडी थोडी डाळ घेऊन, थांबवत थांबवत फिरवणे. वाटण भरडसर हवे. चिमटीत घेतले तर कण लागले पाहिजेत आणि मुठीत दाबले तर मुटका टिकला पाहिजे. यासाठी एक जुनी युक्ती आहे. चौथाई डाळ अख्खी काढून ठेवायची, बाकीची वाटायची आणि शेवटी दोन्ही एकत्र करायच्या. बारीक वाटलेला भाग चिकटवण्याचे काम करतो, अख्खे दाणे कुरकुरीतपणा देतात.

डाळ चिकटते ती प्रथिनांमुळे. डाळीत बावीस ते चोवीस टक्क्यांपर्यंत प्रथिने असतात. वाटताना पेशी फुटून ती पाण्यात उतरतात, आणि गरम झाली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजून कणांना जखडून ठेवतात. त्याच वेळी डाळीतला स्टार्च साठ-सत्तर अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतो. म्हणून नीट वाटलेल्या डाळीला बेसन किंवा मैदा लागत नाही; ते घालावे लागले तर पाणी जास्त झाले असे समजावे. उडदाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात प्रथिनांच्या जोडीला चिकट पदार्थही भरपूर असतात, त्यामुळे फेसल्यावर त्यात हवा धरली जाते आणि वडा आतून जाळीदार होतो. हरभऱ्याच्या डाळीत ती ताकद नाही. तिचा वडा कितीही फेसला तरी घट्टच राहणार, आणि तो तसाच चांगला लागतो.

चार-पाच जणांसाठी घरगुती प्रमाण साधारण असे: दीड वाटी हरभऱ्याची आणि अर्धी वाटी तुरीची डाळ, आठ-दहा हिरव्या मिरच्या, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, चमचाभर जिरे, अर्धा चमचा ओवा, मूठभर कोथिंबीर, एक कांदा. आठ मिरच्या पुण्या-मुंबईच्या वाचकाला जास्त वाटतील. खानदेशात कदाचित कमी वाटतील. यात चमचा-दोन चमचे दादरचे पीठ घालणारेही आहेत. दादर ही या भागातली रब्बी ज्वारी. तिच्या पिठात ग्लुटेन नसल्याने वडा चिवट न होता वरून खुसखुशीत होतो. काही घरांत ते काम कळण्याचे पीठ करते. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेले पीठ, भाकरीसाठी बाराही महिने घरात असलेले. सालासकट उडीद असल्यामुळे वड्यावर बारीक काळे ठिपके दिसतात.

मीठ शेवटी, कढईत तेल तापल्यावर वाटणात घालावे. आधी घातले तर कांद्यातले आणि कोथिंबिरीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि दहा मिनिटांत घट्ट वाटण सैल पडते. मग कोणीतरी बेसन ओतते, चव पिठाळ होते आणि दोष डाळीला दिला जातो.

या वड्यांचा न तळलेला भाऊ म्हणजे फुनके. खानदेशाची ओळख म्हणून भरीत, शेवभाजी आणि वरण-बट्टी यांची नावे बाहेर गेली. फुनके घरातच राहिले. तुरीची डाळ, कधी तुरीत थोडी हरभऱ्याची, वरच्यासारखीच भरड वाटायची. हिरवी मिरची, लसूण, जिरे, कोथिंबीर, मीठ मिसळायचे आणि मुठीत दाबून लांबट मुटके वळायचे. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वरच्या चाळणीला तेलाचा हात लावायचा आणि त्यावर मुटके मांडून पंधरा-वीस मिनिटे वाफवायचे. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. ताटात फुनके कुस्करतात, वर कच्चे शेंगदाण्याचे तेल सोडतात आणि गरम कढी ओततात. वाफेचे तापमान शंभर अंशांपुढे जात नाही, त्यामुळे फुनक्यांवर तांबूस कवच धरत नाही आणि तळलेल्या वड्याचा खमंग वासही येत नाही. ती उणीव कच्चे तेल आणि लसणाची फोडणी दिलेली कढी भरून काढते. झडीच्या दिवशी पूर्ण जेवण म्हणून फुनके वड्यांपेक्षा सरस आहेत, हे मत खानदेशात बहुतेक जण मान्य करतील. याच कुळातले डुबुकवडे: पीठ थेट उकळत्या रश्शात सोडायचे, आणि पडताना होणारा आवाजच पदार्थाचे नाव झाला.

आता टिक्की आणि पॅटिस. त्यांचा पाया प्रथिनांचा नसून स्टार्चचा आहे, आणि हा स्टार्च बहुतेक ठिकाणी बटाट्यातून येतो. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांमार्फत तो पश्चिम किनाऱ्यावर आला आणि ‘बटाटा’ हे नावही त्यांच्याकडूनच मिळाले. आज त्याच्यावाचून वडापाव, समोसा, रगडा पॅटिस यांची कल्पना करता येत नाही. उकडलेल्या बटाट्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असते. गरम असतानाच कुस्करून लगेच मळला तर तो चिकट, लगद्यासारखा होतो. गार होऊ दिला तर फुगलेला स्टार्च पुन्हा आवळतो आणि गर मोकळा, थापण्याजोगा होतो. टिक्की करणारे अनुभवी हात म्हणूनच सकाळी उकडलेला बटाटा संध्याकाळी वापरतात.

जळगाव जिल्ह्यात बटाट्याच्या जागी बसणारी वस्तू दाराशी उभी आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांत तापीच्या काठाने केळीच्या बागा आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथल्या भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळाले. पूर्वी बागांत बसराई आणि श्रीमंती या जाती असत. ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक सिंचन आल्यापासून ग्रँड नैन सर्वत्र पसरली. पावसाळ्याच्या तोंडावर येणारी वादळे या बागांचा घात करतात. घडांच्या भाराने वाकलेली झाडे वाऱ्याच्या एका झोतात आडवी होतात. त्या घडांतली न भरलेली केळी नीट पिकत नाहीत, बाजारात भाव नसतो. वेफर, भाजी आणि टिक्की एवढेच त्यांचे उपयोग उरतात.

कच्च्या केळ्याचा गर बटाट्यापेक्षा कोरडा असतो. टिक्कीला हा मोठा फायदा, कारण बांधणीसाठी वेगळे पीठ जवळजवळ लागत नाही. पण त्याचे दोन त्रास आहेत. पहिला चीक: सालीतून निघणारा चीक हाताला आणि कपड्याला काळे डाग पाडतो, म्हणून हाताला आणि सुरीला आधी तेल लावतात. दुसरा काळेपणा: सोललेले कच्चे केळे हवेत ठेवले की त्यातले विकर फिनॉल वर्गातील द्रव्यांवर हवेतल्या ऑक्सिजनच्या साह्याने काम करतात आणि गर करडा पडतो. चिरून भाजी करायची असेल तर फोडी ताक घातलेल्या पाण्यात टाकतात. टिक्कीसाठी सोपा मार्ग म्हणजे केळी सालासकट उकडणे. उष्णतेने विकर निकामी होतात, चीक थिजतो आणि साल हाताने निघते. कुकरमध्ये दोन शिट्ट्या पुरतात. जास्त शिजवली तर सालीखालचा भाग पाणी धरतो. गार झाल्यावर ती कुस्करण्याऐवजी किसावीत. केळ्याच्या गाठी राहतात आणि गाठ असली की टिक्की तिथेच चिरते.

चार मध्यम केळ्यांच्या किसाला दोन चमचे शेंगदाण्याचे भरड कूट, हिरव्या मिरचीचा ठेचा, आले, जिरे, धनेपूड, चिमूटभर आमचूर किंवा लिंबाचा रस, कोथिंबीर आणि मीठ. आंबट हवेच, कारण कच्च्या केळ्याला किंचित तुरट चव असते आणि आंबटाशिवाय ती जिभेवर राहते. मळून लिंबाएवढे गोळे करावेत, बोटभर जाडीचे थापावेत, कडा बोटाने गोल फिरवून बंद कराव्यात. चिरलेली कड तेल आत घेते. बाहेरून मक्याचे स्टार्च लावले तर कवच पातळ आणि कडक होते. शहरात हेच ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून पुडीत मिळते. खुद्द धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याला, मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे.

केळ्याच्या टिक्कीला जळगाव-धुळ्यात आणखी एक आधार मिळाला, तो जैन स्वयंपाकघराचा. या दोन्ही शहरांच्या व्यापारी पेठांत जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. जमिनीखाली वाढणारे कंद त्यांच्यात वर्ज्य. बटाटा, कांदा, लसूण तिन्ही गेले. चातुर्मासात तर नियम आणखी कडक होतात. बटाट्याशिवाय पॅटिस करायचे म्हणजे कच्चे केळे हा सर्वांत सोपा पर्याय, आणि म्हणून हॉटेलच्या पाटीवर ‘जैन टिक्की’ किंवा ‘जैन कटलेट’ लिहिलेले असले की आत बहुधा केळे असते.

चातुर्मासाचा परिणाम हिंदू घरांतल्या वड्यांवरही होतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगे न खाण्याचा नेम अनेक घरे पाळतात. त्याआधी, आषाढ शुद्ध नवमीला येते कांदेनवमी: घरातला कांदा संपवण्याचा हक्काचा दिवस. भजी, थालीपीठ, कांद्याचे वडे, सगळे एकाच दिवशी. पुढच्या चार महिन्यांत लसणाची जागा हिंग आणि आले घेतात. आषाढ हा महाराष्ट्रात तळणीचाही महिना. ‘आखाड तळणे’ या रीतीत देवाला आणि माहेरवाशिणीला तळलेले पदार्थ करतात. श्रावण लागला की उपास वाढतात. तिथे डाळ चालत नाही, म्हणून साबुदाण्याचे वडे आणि बटाट्याच्या आवरणात खोबरे भरलेले उपासाचे पॅटिस येतात. साबुदाणा थेट तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो, पण त्यातले शेंगदाण्याचे कूट घरचे. साबुदाण्याचा वडा तेलात फुटण्याची भीती खरी आहे. जास्त भिजलेल्या दाण्यातले पाणी आत अडकते, त्याची वाफ होते आणि वाट न मिळाल्याने ती आवरण फाडून निघते. कूट सढळ घातले की ते जादा ओल शोषते. वडा चपटा थापून मध्ये बोटाने खळगा केला तरी धोका कमी होतो.

तिखटाबाबत खानदेशाला बाहेर जावे लागत नाही. दोंडाईचा आणि नंदुरबार हे लाल मिरचीचे नावाजलेले बाजार. तरी पावसाळी वड्यांत लाल तिखटापेक्षा हिरवी मिरचीच शोभते. लाल तिखट गरम तेलात पटकन करपते आणि कडू होते. वाटणात मिसळलेली हिरवी मिरची दाण्याआड सुरक्षित राहते. ओवा, जिरे आणि बडीशेप यांचे वास तेलात विरघळणारे आहेत, त्यामुळे ते भरड कुटून घातले तर तळताना खुलतात. गरम मसाला वड्यांत घालू नये. त्याची जागा रश्शात आहे.

कढईत काय घडते ते समजले तर अर्ध्या चुका टळतात. तेलाचे तापमान १७० ते १८० अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसला तर वाटणाचा बोराएवढा तुकडा टाकून पाहावा. तो तळाशी जाऊन लगेच वर आला आणि भोवती बुडबुडे उठले, पण काही क्षणांत तांबडा झाला नाही, तर तेल योग्य. वडा तेलात पडताच त्याच्या पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन बाहेर पडू लागते. चर्रर्र आवाज आणि बुडबुडे हे त्या वाफेचे. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला जागा नसते. पृष्ठभाग कोरडा झाला की त्याचे तापमान शंभराच्या वर चढते. सुमारे १४० अंशांनंतर प्रथिने आणि साखर यांच्यात होणाऱ्या रासायनिक क्रियेने तांबूस रंग आणि खमंगपणा येतो. आतला भाग मात्र शंभरच्या आसपासच राहतो, म्हणजे तो एका अर्थाने वाफेवरच शिजतो. वडा दीड सेंटिमीटरपेक्षा जाड असला तर बाहेर रंग येईपर्यंत आत डाळ कच्ची राहते, आणि कच्ची डाळ पोटाला जड. तेल कमी तापले असले तर वाफ दुबळी पडते आणि वडा तेल पितो.

यातली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वड्यात जाणारे बरेचसे तेल कढईत असताना न जाता बाहेर काढल्यावर आत जाते. वडा गार होऊ लागतो, आतली वाफ पुन्हा पाणी होते, तिने व्यापलेली जागा मोकळी पडते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झाऱ्यावर वडे कढईवरच काही क्षण धरावेत, गरम असतानाच तेल निथळू द्यावे आणि मग जाळीवर एकमेकांना न टेकता ठेवावेत. ताटात एकावर एक रचलेले वडे खालच्या वड्याच्या वाफेने मऊ पडतात. कढई गच्च भरू नये; एकदम दहा वडे सोडले की तेलाचे तापमान घसरते.

खानदेशात तळणीचे तेल परंपरेने शेंगदाण्याचे. ते रिफाइंड असेल तर २२० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय धुरावत नाही, त्यामुळे तळणीला सोयीचे. भुईमुगाच्या या मुलखातच, अमळनेरला, १९४५ साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी निघाली आणि ‘सनफ्लॉवर’ नावाचे वनस्पती तूप बनवू लागली. पुढे संगणक क्षेत्रात गेलेली विप्रो ती हीच. वनस्पती तेलाला हायड्रोजन जोडून घट्ट केले की ते टिकते आणि वडे कोरडे दिसतात, पण गार झाल्यावर टाळूला थर बसतो. या प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयाला घातक ठरल्यामुळे भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्यांचे कमाल प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्यात आले. वारंवार तापवलेल्या तेलाबाबतही नियम आहे: ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपुढे गेलेले तेल खाद्यव्यवसायात वापरता येत नाही. घरी हे मोजता येत नाही. तेल गडद झाले, फेस धरू लागला आणि नेहमीपेक्षा लवकर धुरावू लागले तर ते टाकायचे एवढे कळले तरी पुरते.

केळ्याच्या आणि बटाट्याच्या टिक्क्या तव्यावरही होतात. जाड लोखंडी तवा, चमचाभर तेल, मंद आच, आणि एक बाजू पूर्ण तांबूस झाल्याशिवाय हात न लावणे. लवकर उलटली की कवच तव्याला चिकटून राहते. डाळीचे वडे तव्यावर केले तर कोरडे पडतात. त्यांना थोडे तेल सोडून झाकण ठेवावे लागते, आणि मग ते थालीपिठाच्या जवळ जातात.

सोबत काय, यावर घरोघरी वेगळे मत आहे. वड्यांच्याच तेलात तळून मीठ लावलेल्या हिरव्या मिरच्या, शेंगदाण्याची ओली चटणी, दही किंवा कढी. गाड्यांवर मात्र पांढऱ्या वाटाण्याचा रगडा आणि चिंचगुळाचे पाणी, ही मुंबई-गुजरातकडून आलेली पद्धत. श्रावणात गिलक्याच्या वेली लागलेल्या असतात. गिलके म्हणजे इतरत्र ज्याला घोसाळे म्हणतात ते. त्याच्या चकत्यांची भजी वड्यांशेजारी हमखास असतात. जोडीला मक्याची कोवळी कणसे आली की दाणे किसून डाळीच्या वाटणात मिसळतात. मक्याच्या दुधात पाणी फार असल्याने अशा वेळी डाळ आणखी कोरडी वाटावी लागते.

झडीच्या हवेत बाष्प इतके असते की तळलेल्या वड्याचे कोरडे कवच बाहेरून हवेतले आणि आतून स्वतःचे, असे दोन्हीकडून पाणी घेते. अर्ध्या-पाऊण तासात कुरकुरीतपणा जातो. पुन्हा तळले तर वडा कडक होतो आणि तेल अधिक पितो. तव्यावर कोरडा भाजला तर थोडा सावरतो. उरलेले वडे झाकून बाहेर ठेवण्याजोगे नसतात. आत ओल असलेली डाळ दमट हवेत दुसऱ्या दिवशी तार धरते, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवावेत. सकाळी दोन मार्ग असतात: वड्यांचे दोन-दोन तुकडे करून खोबरे-कांद्याच्या काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडणे, किंवा त्यांना उकळत्या कढीत दहा मिनिटे मुरू देणे. दुसऱ्या मार्गाने कवच पूर्ण मऊ होते आणि तळलेला वडा फुनक्यासारखा कुस्करून भाकरीशी खाता येतो.